भोपळा सरळ गेला होता

भोपळा सरळ गेला, तशी घाटावरच्या बायांनी हात जोडले. गीताबाई मात्र दोन पावलं मागे सरली.

पूर्णा नदीला पूर असला की डोंगा, म्हणजे गावची होडी, सोडायच्या आधी नदीला विचारायची या गावात रीतच होती. घरातल्या बाईनं वाळल्या भोपळ्याला हळदकुंकू लावून घाटावरून टाकायचा. फिरून काठाला आला, तर नदी नको म्हणाली. सरळ पलीकडे गेला, तर हो म्हणाली. आजचा भोपळा तर शाळा सुटलेल्या पोरासारखा उड्या मारतच निघाला होता.

डोंग्यात तिची सून शकुंतला कळा देत पडली होती. बाळ आडवं आलं होतं. सुईण तानुबाईनं हात टेकले होते, "माह्या हातचं नाही बाई हे. पलीकडच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोनी जीव जातीन."

"नदीनं हो म्हटलं!" डोंगेवाला निवृत्ती ओरडला. "बसा पटापट!"

"नको रे बाप्पा!" गीताबाईचा आवाज फाटला.

तिला नदीचं हो म्हणणं पुरतं ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तिला माहेरी न्यायला धाकटा भाऊ आला होता, भगवान. सासऱ्यानं पाठवलं नाही. पोरगं मान खाली घालून एकटंच परत निघालं. भोपळा तिनंच टाकला, आपल्या हातानं, आणि तोही असाच सरळ गेला होता. मधोमध डोंगा गरगरला, हिनं भीतीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा पालथा डोंगा तेवढा उरला होता. भोयांनी घाटाखालचं पाणी ढवळून काढलं, पण भगवान सापडला नाही तो नाहीच. गावाला काय, आयतं निमित्त मिळालं. 'हिचाच हात वाईट' म्हणून मोकळे झाले! तेव्हापासून गीताबाई नदीकडे पाठ करून जगली.

तिचा मुलगा नीळकंठ अजून काठावरच होता. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. हा तिकडे कोचीनला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर नोकरीला, बाळंतपणासाठी रजा काढून आलेला. भोपळ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो पाणी पाहत होता.

"निवृत्तीकाका, तो भोपळा वाऱ्यानं गेला," तो म्हणाला. "सातपुड्याकडून वारा सुटला हाय. पोकळ भोपळा पान्यावर नुसता टेकते. खालच्या पान्याचं त्याले काय मालूम?" मग आईकडे वळला. "माय, एक जुनं लुगडं दे. लवकर."

लुगड्याच्या टोकांना त्यानं दगड बांधले, वर लांब दोरानं तीन भोपळे बांधले आणि सगळं घाटाच्या टोकाला पाण्यात घुसलेल्या बुरजावरून खाली सोडलं. लुगडं पाण्यात उतरलं, फुगलं, दिसेनासं झालं. वारा तोच, पण भोपळे पलीकडे गेले नाहीत. जागीच थरथरले आणि बुरजाच्या बाजूला गोल फिरू लागले. फिरता फिरता सगळा फेराच खाली सरकू लागला.

निवृत्तीचा चेहरा उतरला. "भोवरा!"

"समुद्रात कोसाकोसाचे असतात असे. वरून पाह्यलं तर कायी दिसत नाही. म्हणून आमी पान्यात खोल छत्री सोडतो, वर झेंडी ठेवतो, अन् झेंडीच्या मांगं जहाज घेऊन फिरतो. काका, भोवरा एका जाग्यावर बसून राहत नाही. बुरजापाशी बनते, सुटते, खाली जाते. मंग दुसरा बनते. दोघांच्या मधात जेवढं सपाट पानी, तेवढ्यातच आपल्याले जाचं हाय."

"अन् डोंग्यातून दिसन कसं?"

"नाही दिसत. वरून कोनी पाहा लागते." तो आईपुढे आला. लाल खणाचा तुकडा तिच्या हातात कोंबला. "बाबाच्या डोळ्यात मोतीबिंदू. तुही नजर लांबची हाय. भोपळे त्या एकट्या बाभळीच्या पुढं गेले की खण वर कर. आमी निंगतो. अन् मधातच भोपळे अडले, तर खण वरच्या अंगाले हालव. आमी डोंगा वर ओढू."

"मले नाही पाहवत रे! माहा हात—"

"हात नाही पाहिजे, माय. डोळे पाहिजेत."

काय करते बिचारी? बुरजावर चढली. लाल गढूळ पाणी खाली घोंगावत होतं. तिनं भोपळ्यांवर नजर खिळवली. फिरले, सरकले, फिरले, बाभळीच्या पुढे गेले. तिनं खण उचलला.

डोंगा निघाला. शकुंतलाची किंकाळी आली आणि गीताबाईच्या पापण्या सवयीनं मिटायला आल्या. 'मिटू नको गीते, मिटू नको!' तिनं स्वतःच्या दंडाला करकचून चिमटा घेतला. आणि बरं झालं. बाभळीपुढचे भोपळे अडले होते. भोवरा पसरून मधल्या धारेला येत होता आणि डोंगा नेमका तिकडेच वाहवत चालला होता. पाण्यालगत बसलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"वर! वर घ्या रे! वर!" आवाज पोचत नव्हता. ती वेड्यासारखी खण हलवत राहिली. पदर पडला, पडू दे. नीळकंठनं मान वळवून पाहिलं. निवृत्तीनं बांबू रोवला. डोंग्याचं शेपूट एकदा फिरलं, तिचे डोळे मात्र उघडेच राहिले. नाक वर वळलं आणि डोंगा पलीकडच्या चिखलात घुसला.

बाया रडल्या, हसल्या. गीताबाई खाली उतरली नाही. ती अजून भोपळे पाहत होती. ते बाभळ सोडून, मसणवट सोडून, पार दूरच्या वळणावर गेले. तिथं फेरा मंदावला आणि पळसाखालच्या वाळूला भोपळे टेकले. तिथवर भगवानला शोधायला तेव्हा कोणी गेलंच नव्हतं. सगळे घाटाखालीच ढवळत बसले होते.

ती काठाकाठानं चालत निघाली.

दिवस कलला तेव्हा पलीकडून निवृत्तीची हाळी आली, "गीताबाई वो! नात झाली! दोघी बऱ्या हायेत!"

गीताबाई पळसाखाली बसली होती, ओलं लुगडं मांडीवर घेऊन. किती वर्षांनी ती मोकळी रडली. मग तिनं वाळूवर हात ठेवला.

"भगवान," ती म्हणाली, "तू मले न्याले आला होता ना बाबू? आता मी आली, तुले न्याले."