पिप्साच्या कानाशी

मी आळशी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला दुष्ट म्हणाल, आणि तेही अगदीच खोटं नाही.

रायमो आणि मी उत्तरेकडच्या कुह्मो गावाच्या जंगलात तीस वर्षं मूस हरणांच्या शिकारीला बरोबर जातो. तरुणपणी आम्ही उघड्या नळीने बार काढले आणि वर त्याची फुशारकी मारली. त्यात रायमोचा डावा कान गेला, उजवा निम्मा उरला. तेव्हापासून रायफलच्या नळीवर बसवायच्या सायलेन्सरचा विषय निघाला की त्याच्या अंगात पाद्री संचारतो.

"गोळीमागचा तापलेला वायू नळीतून एकदम सुटतो, तोच कानफटात मारतो," तो सांगायचा. "ह्याच्या आत एकामागे एक पडदे आहेत. दर पडद्याआड वायू थोडा पसरतो, थोडा निवतो. बाहेर येईतो त्याची मस्ती उतरलेली असते. आवाज मरत नाही रे विल्यो, नुसता माणसात येतो. खांद्याला हिसकाही कमी. आणि माझी कुत्री पिप्सा पुढ्यात भुंकत असते, तिच्या कानात बोळे कोण घालणार? तू?"

"म्हणजे आता नळीला दुधाची बरणी लावून हिंडायचं," मी म्हणायचो.

शेवटी घेतला मी सायलेन्सर. पण तो चढवला की माझ्या रायफलची गोळी बोटभर खाली लागायची. नेमबाजीच्या मैदानावर जाऊन रायफलवरची नेम धरायची दुर्बीण नव्याने जुळवायला हवी होती. मैदान चाळीस किलोमीटरवर. आज जाऊ, उद्या जाऊ करत हंगाम उजाडला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पिप्साने दाट झाडीत एक नर मूस अडवून धरला. पिप्सा ही रायमोची करडी कुत्री, चार वर्षांची. आमच्या आख्ख्या शिकारी क्लबात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. भुंकण्याच्या रोखाने मी सरपटत जवळ गेलो आणि माझं धाबं दणाणलं. सायलेन्सरमुळे गोळी खाली लागली, जनावर जखमी होऊन पळालं, तर मंडळी वर्षभर चघळतील. मी तो काढून खिशात टाकला. तेवढ्यात पिप्सा भुंकत भुंकत मागे सरली, अगदी नळीच्या तोंडाशेजारी. मला ती दिसत होती. तरी मी चाप ओढला.

मूस जागीच कोसळला. पिप्सा किंचाळली. कुत्र्याच्या तोंडून तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेपूट घालून ती पळाली, ती थेट रस्त्यावरच्या गाडीखाली जाऊन दडली.

आणि मी काय केलं? रायमो पोचायच्या आत सायलेन्सर पुन्हा नळीवर बसवला.

"हा लावलेला होता ना?" त्याने विचारलं.

"होता की. मूसने लाथ मारली असेल तिला."

त्यानंतर पिप्सा जंगलात पाऊल टाकेना. गाडीचं दार आपटलं तरी ती मुतायची. जनावरांच्या डॉक्टरांना लाथेची खूण सापडली नाही. सायलेन्सरच्या आवाजालाही घाबरते म्हणजे भित्रेपणा रक्तातच असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. तिची पिल्लं मागून ठेवलेल्या दोघांनी नाही म्हणून कळवलं. मी मान डोलवत कॉफी पीत राहिलो. माझी मलाच किळस येत होती, पण तोंड उघडत नव्हतं.

तीन आठवड्यांनी क्लबाच्या खोपीत मांसाची वाटणी होती. मेजावर बारा वाटे मांडलेले. आमच्याकडे एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून "हा कुणाचा?" विचारतो, आणि भिंतीकडच्याने न बघता नाव घ्यायचं. म्हणजे कुणाला लबाडी करता येत नाही. त्या दिवशी उभं केलं मला!

मागे रायमो कुणाला तरी सांगत होता, "सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेतो. परत नाही आणणार. असली अवलाद वाढवण्यात अर्थ नाही."

"हा कुणाचा?" वाट्यांवर बोट ठेवायला उभ्या असलेल्या पेंतीने विचारलं.

मला एकही नाव आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी काढला होता," मी भिंतीला सांगितलं. "सायलेन्सर. पिप्सा शेजारीच होती, आणि मी उघडा बार काढला."



"काय?" रायमो म्हणाला. "भिंतीशी काय पुटपुटतोस? इकडे तोंड कर. मोठ्याने बोल."

मी वळलो. अकरा जणांचे डोळे माझ्यावर. घसा फाडून मी सगळं पुन्हा सांगितलं, दुर्बिणीचा आळस, खिशातला सायलेन्सर, लाथेची थाप, सगळं. कान लालबुंद झाले होते आणि नाक गळत होतं, तेही पुसायचं सुचलं नाही.

रायमोने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"भिंतीशी बोललास ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पण तिला नावं ह्या सगळ्यांनी ठेवली होती."

मग पेंतीने मला बाजूला केलं आणि भिंतीशी दुसऱ्याला उभं केलं.