मशीन खराब आहे म्हणे

“मैडम, बीपी थोड़ा बढ़ा हुआ है. घर में मशीन है ना, तो रोज अपना भी देखते रहना.”

प्रसूतीच्या दवाखान्यातून घरी सोडताना सिस्टरने शलाकाला हे सांगितलं, तेव्हा मी तिच्या मांडीवरच होतो. माझा पट्टा मात्र तिच्या सासूबाईंच्या दंडाला बांधलेला होता. शैलजाबाई नातीला न्यायला आल्या होत्या. सकाळच्या घाईत त्यांचं बीपी बघायचं राहिलं होतं, म्हणून त्यांनी मला सोबत आणलं होतं आणि शलाकाने खाटेवर बसल्या बसल्या ते काम उरकून घेतलं. “हो हो, बघेन,” ती सिस्टरला म्हणाली आणि सासूबाईंचा आकडा वाचायला वळली.

मित्रांनो, मी तेच बीपीचं मशीन. आता जुना झालो आहे. माझा जन्म कुठे झाला ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं, पण खोकं केव्हाच रद्दीत गेलं. शलाकाचा नवरा नचिकेत सांवेर रोडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथे एका दिवाळीला मिठाईच्या डब्याऐवजी सगळ्यांना मशीन वाटलं, आणि मी लालबाग राजवाड्याजवळच्या या घरात आलो.

शलाका शिकलेली, आकडे तिला समजत, म्हणून मला चालवायचं काम आपोआप तिच्याकडे गेलं. रोज सकाळी आधी सासरे अप्पासाहेब, मग शैलजाबाई, सुट्टीच्या दिवशी नचिकेत. अप्पासाहेब बाहेरून गुपचूप सेव खाऊन आले की माझ्यामुळे पकडले जात. “हे मशीन माझा दुश्मन आहे,” असं म्हणत ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे करत. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

जेवायची पानं ज्या क्रमाने वाढतात, त्याच क्रमाने माझा पट्टा घरात फिरायचा. शलाकाचा नंबर येईपर्यंत कुकरची शिटी व्हायची. मग ती मला गुंडाळून कपाटात ठेवायची. तिला कुणी थांबवलं नाही. तीही थांबली नाही.

तन्वी झाल्यावरही तसंच चाललं. तन्वी दूध ओढते की नाही, तिला ताप तर नाही, तिचा श्वास नीट चालू आहे ना, हे शलाका डोळ्यांत तेल घालून बघायची. स्वतःचं डोकं ठणकायचं, पाय सुजलेले असायचे. एकदा तिने सांगितलंसुद्धा. शैलजाबाई म्हणाल्या की झोप नाही ना, म्हणून होतं, त्यांचंही असंच दुखायचं. तेवढ्यावर ते संपलं.

बारशाच्या दिवशी घर भरलेलं होतं. देवासहून नचिकेतचे मामा, मालोजीमामा आले होते. मला बघून त्यांनी बाही वर केली. मग एकेका पाहुण्याने केली. शलाका जरीच्या साडीत घामाघूम होऊन सगळ्यांना पट्टा बांधत होती. शेवटी मामाच नचिकेतला म्हणाले, “आता सूनबाईचं बघू भिया. हिचंच एकदम नॉर्मल येईल, बाकी आपण सगळे बुड्ढे.”

मित्रांनो, त्या घरात पहिल्यांदाच तिचा दंड माझ्या पट्ट्यात आला. मी माझं काम केलं. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर.

सगळे आकडा बघायला वाकले. मग नचिकेत म्हणाला, “सेल गेले असतील.” नवे सेल आले. पुन्हा मोजलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

“मशीनच बिगडलंय. या वयात कुठे एवढं असतं?” शैलजाबाई म्हणाल्या आणि खात्री करायला त्यांनी स्वतःचं बघितलं. ते नेहमीसारखं आलं. “बघा, आता ठीक चालतंय,” मामा हसले. सगळे हसले. ठीक चालणाऱ्या मशीनवर शलाकाचं पुन्हा बघावं, हे एकालाही सुचलं नाही.

“जाऊ द्या आई, पानं घ्यायची आहेत,” शलाका म्हणाली आणि उठली.

मला कपाटात टाकलं. दोन दिवसांनी अप्पासाहेबांचं दूध तापवताना स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज मी कपाटातूनच ऐकला. मग शैलजाबाईंचा हंबरडा. शलाकाला अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की घरी कधी बीपी बघितलं नव्हतं का. नचिकेतने सांगितलं, “बघितलं होतं, पण मशीन खराब आहे.”

शलाका घरी आली. जीव वाचला, पण तिचा डावा हात तिचं ऐकत नाही. तन्वी रडली तर कुणीतरी तिला उचलून शलाकाच्या उजव्या हातात द्यावं लागतं. कुणी जवळ नसलं तर ती पाळण्याशेजारी बसून नुसती बोलत राहते.

घरात नवं मशीन आलं आहे. आता सकाळी पहिला नंबर शलाकाचा असतो. तिला हवा होता तेव्हा तो शेवटचाही नव्हता.

एका दुपारी अप्पासाहेबांनी मला बाहेर काढलं. नव्या मशीनवर आपलं बीपी बघितलं, मग माझ्यावर. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. त्यांनी माझा पट्टा नीट गुंडाळला. कुणाला न सांगता मला परत आत ठेवलं.

मला स्तुती नको आहे, मित्रांनो. आज घरी गेलात की एवढंच बघा, तुमच्याकडे सगळ्यांत शेवटी कोण जेवतं. तिच्याजवळ बसा. तिला कसं वाटतंय ते विचारा. ती “नंतर” म्हणेल, तरी उठू नका. तिच्या दंडाला पट्टा बांधा. आणि आकडा पटला नाही तर सेल बदलत बसू नका. तिला डॉक्टरकडे न्या.