मनुबाईच्या पेटीतले सहा गुण

रविवारी सांगलीत आमच्या मुली दोन-एक जिंकल्या आणि सोमवारी सकाळी आमचे गुण वाढायचे सोडून घटले. सतरा होते, वीस व्हायला हवे होते, झाले चौदा. मी मोबाइल बंद करून परत चालू केला. तरी चौदाच.

मी सयाजी. कडेगावच्या अलीकडे आमचं गाव. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि फुटबॉल क्लबचं सचिवपद हा डोक्याला ताप. संघाची कॅप्टन माझीच लेक, साक्षी. लीगमधल्या पहिल्या चार संघांतल्या मुलींनाच राज्याच्या निवड चाचणीला बोलावतात, आणि वयाच्या अटीमुळे तिचं हे शेवटचं वर्ष. वीस गुणांवर आम्ही तिसरे होतो, चौदावर सहावे.

लीगच्या कचेरीत फोन लावला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "तुमच्या क्लबच्या खोलीचा कर थकलाय. तीन वर्षांचा. थकबाकीदार क्लबचे सहा गुण कापायचे, असा यंदा नियम झालाय."

मला काही उमजेना. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिची आम्ही तीन वर्षांपूर्वी पक्की खोली केली. तिला कर लागतो हेच मला ठाऊक नव्हतं. "अहो, पण गोल मारला तो मारलाच ना?" मी विचारलं. "घरपट्टी काय पोरींनी बुडवली?"

"नोटिसा तुमच्या अध्यक्षांच्या घरी गेल्यात. आमचं पत्रही गेलंय. पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत अपील करा, गुण परत मिळतील."

आमचा अध्यक्ष वीरधवल. क्लब त्यानंच काढला आणि मग फौजेत गेला. आता हवालदार आहे, पोस्टिंग अशा उंचावर की महिना महिना फोन लागत नाही. घरी त्याची आई मनुबाई एकटी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या गावात फौजीचं टपाल दुसरं कुणी फोडत नाही. तो सुट्टीवर येतो, हातपाय धुतो आणि स्वतः फोडतो. क्लबचा पत्ता त्याच्या घरचा द्यायची अक्कल माझीच.

साक्षीला घेऊन तडक गेलो. मनुबाई शेंगा फोडत बसली होती.

"काकी, वीरधवलचं टपाल कुठं हाय?"

"पेटीत हाय. त्यो आला की फोडंल."

"त्यो दिवाळीला येणार. आमाला आज पायजे. क्लबचं हाय त्यात."

"न्हाई रं. त्याच्या नावाचं हाय."

मी तापलो. पोरीच्या वर्षाचं वाटोळं होतंय, म्हणालो. आवाज चढला तसा तिचा हात थांबला. उठली, पेटी उघडली आणि लुगड्यांच्या तळातून नऊ खाकी पाकिटं काढून छातीशी धरून उभी राहिली. देईना.

"वीरूचा बा बी फौजी. त्यो गेल्याची बातमी असल्याच पाकिटातनं आली हुती," ती म्हणाली. "मीच फोडलं हुतं. तवापासनं सरकारी पाकीट फोडायचं धाडस हुईत न्हाई बग."

म्हणजे वीरधवल गेल्या सुट्टीवरून परत गेल्यापासून ही बाई रोज रात्री त्या पेटीशेजारी निजत होती. माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. कर मागणाऱ्यांवर? लीगवर? हिच्यावर तर नाहीच.

साक्षीनं हात पुढं केला. "आज्जी, मी फोडू? तुमी माझ्याजवळ बसा."

एकेक पाकीट फोडत ती मोठ्यानं वाचत गेली. "कर भरा." दुसरं, "कर भरा." तिसरं, "दंडासह कर भरा." प्रत्येक पाकिटाला मनुबाई विचारी, "वीरूचं काय न्हाई ना त्यात?" आणि साक्षी म्हणे, "न्हाई आज्जी, नुसता कर हाय."

नववं पाकीट लीगचं. साक्षीनं ते वाचलं, तारखेवर नजर टाकली आणि कागद माझ्याकडे दिला. बावीस दिवस झाले होते. अपिलाची मुदत मागल्या सोमवारीच संपली होती.

"त्यात काय हाय गं?" मनुबाईनं विचारलं.

साक्षी म्हणाली, "काय न्हाई आज्जी. ह्यात बी करच."

मनुबाई रडली, मग हसली, मग धावत आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली. आमच्या हातावर मूठमूठ साखर ठेवली आणि तशीच गल्लीत गेली. "घ्या गं, साखर घ्या! नुसता कर हाय, वीरू झ्याक हाय!" बायका गोंधळून हात पुढं करत होत्या.

मी साखर घेऊन उभाच. ही खायची कशी, तेच कळेना. साक्षीनं डोळे पुसले, स्वतःच्या हातातली साखर तोंडात टाकली आणि म्हणाली, "खा की, आबा. ती बघतीया."