पाणी न पिणारा कपडा

अंथरुणाला खिळलेले मास्तर पुन्हा ओले सापडले. आठवड्यात तिसऱ्यांदा. पाठीपासून मांडीपर्यंत चिंब, आणि कमरेवर बटणाएवढा लाल चट्टा. मेट्रनबाईंनी चादर दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी.

"मावशी, दोनदा गप्प बसले. दिवसभर करता काय हो? उद्या असंच दिसलं तर परवापासून येऊ नका."

मावशी या वृद्धाश्रमात बारा वर्षं आया होती. मास्तरांची कूस वळवून अंगाखालचं जाड सुती कापड ती दर दोन तासांनी बदलायची. आजही बदललं होतं. पण आयानं सांगितलं काय अन् भिंतीनं सांगितलं काय, वरच्यांना सारखंच.

दुपारी मास्तरांना पाणी पाजताना चमचा कलंडला. पाणी कापडावर पडलं आणि मुरलंच नाही. थेंब मण्यांसारखे बसून राहिले, मग घरंगळत मास्तरांच्या कुशीखाली गेले.

"अगं बाई!"

मावशीनं खांद्यावरचं फडकं पसरून त्यावर चमचाभर पाणी ओतलं. फडक्यानं ते गटकन ओढून घेतलं.

ती तडक धुलाईघरात गेली. धुलाईवाला घड्या घालत होता.

"धुताना काय घालतोस रे?"

"कंडिशनर. तुम्हीच आला होतात ना, मास्तरांची पाठ सोलतेय, कपडे मऊ कर म्हणून? तुमच्यासाठी जरा जास्तच ओततो. अन् वर माझ्यावरच डोळे वटारता!"

मावशीनं घड्यांतलं मास्तरांचं एक कापड उचलून बोटांत चोळलं. सुती धागा पाणी ओढतो, बारीक बारीक फटींत धरून ठेवतो. त्या धाग्यावर तिच्या मायेनं कंडिशनरचा मेणचट थर चढवला होता.

धुलाईवाल्याच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. मेट्रनबाईंनी मानलंही असतं. असल्या लोकांना खालचा कुणीतरी एक सापडला की पुरतं.

ते कापड घेऊन ती ऑफिसात शिरली, टेबलावर अंथरलं आणि पेलाभर पाणी ओतलं. पाणी कापडावरून निसटून फायलींकडे धावलं.

"अहो, माझे कागद!"

"मास्तरांच्या अंगाखाली हेच होतंय. मी कामात कसूर केली नाही. पण कपडे मऊ करायला मीच सांगितलं."

"धुलाईवाल्याला अक्कल नको?"

"त्याला नका बोलू. बोलायचं तर मला बोला."

मेट्रनबाई फायली झटकत राहिल्या. "निघेल का हे?"

"कढत पाण्यात सोडा घालून दोन-तीनदा धुतलं की निघेल."

"मग धुवा. उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांच्या पाठीखाली हात घातला. कोरडं. चादर सारखी केली आणि निघून गेल्या. माफी मागायची त्यांच्या तोंडाला सवय नव्हती.

"टोचतंय गं," मास्तर कुरकुरले.

"टोचणारच, मऊपणा धुऊन गेला. म्हणून दर तासाला कूस बदलते तुमची."

"दोन तासांनी बदलायचीस ना?"

"आता तासानं," मावशी म्हणाली आणि त्यांना अलगद डाव्या कुशीवर वळवलं.