पर्समधला लाल बिल्ला

“लाल बिल्लेवाल्यांना म्हणे उद्यापासून दवाखान्याच्या आत...” एवढंच कानावर पडलं आणि बोलणाऱ्या बाईंना शिंक आली. शिंकेसरशी अख्खं बाकडं रिकामं झालं. पुढचं वाक्य काही माझ्या हाती लागलं नाही.

तो लाल बिल्ला मीच. माझे कान लांब. दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यात बसायला जागा मिळाली ती थेट लोकांच्या छातीवर.

साथ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुठ्ठा कापून, लाल रंगवून, पिन लावून मला घडवलं. साथ लागली तर ज्यांना जड जाईल त्यांनी मला लावायचं, बाकीच्यांनी त्यांना जपायचं. हेतू सोन्यासारखा, पण तो बाईंच्या डोक्यात. माझ्या अंगावर एक अक्षर नव्हतं.

मी पाळणाघरवाल्या मावशींच्या वाट्याला आलो. त्यांना दमा. मला लावून त्या दवाखान्यातल्या बाकावर टेकल्या, तर शेजारची बाई पोराला ओढत उठली. बघता बघता पाळणाघरातली पोरं कमी झाली. “मावशींना झालंय म्हणे.” मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला मावशींनी दारातच मला काढून पर्समध्ये टाकलं, किल्ल्या आणि पेपरमिंटच्या गोळ्यांत. तिथून ऐकू येत होतं, त्यांच्या अगदी शेजारी कुणीतरी छातीतून खोकत होतं. ज्यांना जपायचं त्या माझ्याच लाजेपायी तिथे खेटून बसल्या होत्या. ओरडावं, तर पुठ्ठ्याला तोंड कुठलं?

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, “बिल्ला कुठाय?”

“पर्समध्ये. बाई, मी कुणाला आजार देत नाही, मला तो लागायची भीती आहे. हे त्या पोरांच्या आयांना कळणार कसं?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेशंटनाच अंगणात लांब लांब बसवलं आणि कसं सांगू, काय लिहू, ते विचारलं.

“लाल दिसलं की आम्ही जन्मभर ब्रेकच मारला,” बसवाले काका म्हणाले. “आधी रंग बदला.”

बरीच वादावादी झाली. शेवटी माझ्यावर पिवळा कागद चिकटला: ‘मला आजार नाही, पण लागला तर जड जाईल. जरा लांबून बोला.’ आपलं दुखणं काय, ते त्यावर लिहायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मावशींनी स्वतःच्या अक्षरात ‘दमा’ लिहिलं.

त्या खोकल्यातून मावशींना काही झालं नाही, नशीब. पोरंही परतली, पण सगळी नाही. पाळणाघरातल्या जुळ्यांची आई मावशी दिसल्या की अजून रस्ता बदलून जाते. तेव्हा कागदाखाली मी लालच आहे हे मला आठवतं आणि मान वर होत नाही. बाबांनो, कुणाच्या छातीवर काही टोचण्याआधी त्याला विचारा.

आणि ती शिंकेत राहिलेली बातमी? ‘आत घेणार नाहीत’ अशी होती ती, आणि अर्धी खरी निघाली. बिल्लेवाल्यांना पुढच्या दारातून आत घेत नाहीतच. त्यांच्यासाठी मागचं दार उघडतं, गर्दी व्हायच्या आधी. आज मावशी तिथूनच आत आल्या, मला उघडपणे छातीवर लावून.