बहिरूच्या जागी

"मी गेल्यावर मला कुनाच्या अंगात बोलवू नगंस. काय इचारायचं असंल त्ये आत्ताच इचार. लय हाका ऐकल्या. आता एकबी नगं."

नवऱ्याचा हा आवाज बायाच्या कानात असायचाच. कांदाभजी तळतानाही होता. तेवढ्यात बाहेरून दुसरा आवाज आला.

"बहिरू, पुढे हो. दगड उचल."

झारा तसाच कढईत ठेवून ती पदराला हात पुसत व्हरांड्यात आली. मळवलीतल्या या बंगल्याची राखण तिच्या नवऱ्याने, बहिरूने, जन्मभर केली होती. दिवाळीनंतर तो गेला आणि काम बायाकडे आलं. टेबलावर मोठा नकाशा पसरून मालकांचा मुलगा स्वराज आणि त्याचे पुण्याचे मित्र, ओंकार आणि प्रेरणा, बसले होते. दर शनिवारी त्यांचा हा खेळ चाले. ओंकार गोष्ट सांगायचा, बाकीचे आपापलं सोंग घेऊन त्या गोष्टीत शिरायचे, आणि अडलं की फासे टाकायचे. प्रेरणाचं सोंग देवळातल्या पुजारणीचं. स्वराजचं मांत्रिकाचं, मेलेल्यांना उठवून कामाला लावणाऱ्या मांत्रिकाचं.

नकाशावर बोटभर उंचीचा प्लास्टिकचा सांगाडा उभा होता.

"कुनाला हाक मारली, दादा?"

"याला." स्वराजने कवटीवर टिचकी मारली. "आमचा नवा गडी. बहिरूभाऊंचं नाव दिलंय, मान म्हणून."

"एक नंबर गडी," ओंकार म्हणाला. "खात नाही, सुट्टी मागत नाही."

"वर आणि चहा चांगला झालाय का म्हणून दहादा विचारत नाही," स्वराजने जोडलं.

दोघं हसले. जिवंतपणी स्वराज त्याला भाऊ म्हणायचा. नकाशावर नुसतं बहिरू.

"मला नाही पटत हे," प्रेरणा म्हणाली. "मेलेल्याला राबवणं म्हणजे पापच की. माझ्या पुजारणीला चालणार नाही."

"कसलं पाप?" स्वराज म्हणाला. "जीव कुठाय त्यात? नुसती हाडं. कुजायच्या ऐवजी कामाला आली."

"पण त्याला विचारलंय का कुणी?"

"जिवंतांना कोण विचारतं?" ओंकार म्हणाला.

प्रेरणाने जरा विचार केला. नकाशावरचा पूल पाहिला. "बरं. मग पुलावर आधी त्यालाच जाऊ दे. माझी पुजारीण नंतर येईल."

बायाने हात जोडले. "दादा, सोडा त्यांना. मेल्यावर कुनी उठवायचं न्हाई म्हनून सांगून गेल्यात. मी शबुद दिलाय."

"मावशी, खेळ आहे हो हा."

"व्हय. पन नाव त्यांचं हाय."

दुसरं कुठलंही नाव घेतलं असतं तरी भागलं असतं. स्वराजच्या मनात ते आलंही असेल. पण त्याने ओंकारकडे पाहिलं. "काय रे, सुटका आहे का याला?"

ओंकारने मुद्दाम वेळ घेतला. "आहे. कुणीतरी आपखुशीने त्याच्या जागी यायला पाहिजे."

असा काही नियम नव्हता. प्रेरणाला ते ठाऊक होतं. ती गालात हसली.

"मग मला घाला," बाया म्हणाली.

मग स्वराज खुर्चीत पुढे सरकला. "शब्द पाहिजे पण. शनिवारी इथं हजर राहायचं. हाक मारली की यायचं. बोलायचं नाही, मेलेलं माणूस बोलत नसतं. नाही आलीस, तर बहिरू परत उभा."

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

बायाने आजवर सोमवारचा एकही उपास मोडला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही. तिच्या लेखी शब्द कुणालाही दिला तरी तो देवापुढेच दिलेला असे.

"दिला," ती म्हणाली.

"बाया, ये."

ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"पुलावर जा."

ओंकारने फासा टाकला आणि पाहून मान हलवली. "पूल मोडला. खाली ॲसिडचा डोह. आधी पावलं विरघळतात. मग गुडघे. ती वर बघते, पण हात द्यायला कुणी वाकत नाही." त्याला सांगायची कला होती.

"ओरडत नाही ती?" प्रेरणाने विचारलं.

"मेलेली आहे ना."

स्वराजने आडवा पडलेला सांगाडा उचलून पुन्हा उभा केला. "हाडं आहेत तोवर उठवता येतं. बाया, परत जा."

ती परत गेली. मग पुन्हा. आत भजी करपल्याचा वास सुटला, पण तिला आत जायला कुणी सांगितलं नव्हतं. ती हात जोडून उभीच होती. आपण विरघळताना ती त्या प्लास्टिककडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. असलंच काही, तर सुटल्यासारखं होतं, की हे यांच्या वाट्याला नाही.

"मावशी, भजी करपली वाटतं," शेवटी प्रेरणा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली.

बाया बोलली नाही. प्रेरणा हसली. तरी ती बोलली नाही, तेव्हा प्रेरणाने मोबाईल काढून त्यात डोकं घातलं.

पुढच्या शनिवारी सकाळी बायाची पूजा आटोपली, तशी सून संगीता दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, आज घरीच ऱ्हावा. बंगल्यावरनं फोन आलता. पोरं येनार न्हाईत."

"का गं?"

"कटाळा आला म्हनं त्या खेळाचा. मोडला त्यो. पुन्यातच दुसरा लावलाय."

बायाचा हात समईपाशी थांबला. "मोडला म्हंजी? यांना मोकळं करून मोडला, का तसाच अर्धा टाकला?"

"आता त्ये मी कुटं इचारू?"

बाया गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पायांत चपला सरकवल्या.

"तितं कुनी न्हाई, आत्या," संगीता मागून म्हणाली. "कोन हाक मारनार तुमाला?"

पदर डोक्यावरून घेऊन बायाने वाडीचा उतार धरला.