जमनाची ओळ

"आज तरी जुळनं का?" वाफ्यातून भटूनं विचारलं.

वर मोट हाकणाऱ्या लोटननं मान हलवली. नाही. बैल मागे मागे सरत धावेचा उतार चढत होते आणि रिकामी मोट विहिरीत उतरत होती. लोटनची सगळी कविता याच वेळेतली. भरली मोट ओढत बैल उतारानं निघाले की त्याला दुसरं काही सुचत नसे. ते मागे सरू लागले की एखादा शब्द हाती लागायचा. तो मोठ्यानं म्हणून बघायचा, नाही आवडला तर सोडून द्यायचा. खाली मिरचीला पाणी लावणारा भटू ते ऐकून पाठ करून ठेवायचा. लोटनला लिहिता येत नव्हतं, आणि आवाज तर फुटक्या घागरीचा. ओळी लोटनच्या, गळा भटूचा, असं दोघांचं तरुणपणापासून चाललं होतं.

खानदेशात डफावर म्हणायच्या कथेला वही म्हणतात. या वहीत कागद नसतो, माणसांच्या ध्यानात असते तेवढीच ती. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ते बदलणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराला आपलं नाव लावणं.

या खेपेची वही लोटनच्या पोरीची होती. जमना दहा वर्षांची असताना सासरी निघाली, तेव्हा तापीच्या काठावर सगळ्या बाया रडत होत्या. लोटननं तिला हळूच सांगितलं होतं, रडू नको, दिवाळीला न्यायला येतो. नाव सुटली. पोर बापाकडे बघत राहिली, पण तिनं डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. दिवाळीच्या आधीच मानमोडीची साथ आली आणि जमना तिकडेच गेली.

सगळी वही झाली होती. एकच ओळ अडली होती. 'नाव हालनी, बाप काठवर, जमना मन्ही...' नाव हालली, बाप काठावर, जमना माझी, आणि पुढे काही नाही. 'रडली नाही' म्हणून भागत नव्हतं. त्या इवल्याशा तोंडावर जे होतं त्याला शब्द हवा होता. वर्ष उलटलं. गावात चेष्टा सुरू झाली की लोटन एका शब्दावर म्हातारा होणार. शब्द म्हणजे यांना बाजारातली मेथी वाटते, जुडी उचलली की निघाले घरी!

सारंगखेड्याची जत्रा जवळ आली तसा भटू मागे लागला. मागच्या जत्रेत दुसऱ्या गावच्या मंडळींनी त्यांना खाली बघायला लावलं होतं.

"कोनताबी शब्द टाक ना," तो म्हणाला. "लोकेस्ले काय समजस?"

"माले समजस," लोटन म्हणाला. "पुढला सालले म्हनू."

भटूनं ते ऐकून घेतलं. जुनीच वही म्हणायची ठरली.

जत्रेत ऊन उतरल्यावर माणसं गोल करून बसली. भटू डफ घेऊन पुढे, लोटन तिघा झीलकऱ्यांबरोबर मागे. झीलकऱ्यानं पुढच्याची ओळ कानावर पडली की उचलायची, विचार करत बसायचं नाही. भटूनं तोंड उघडलं आणि जमनाचीच वही सुरू केली. लोटन गोंधळला, पण ताल सुटला नाही. भटू त्या ओळीशी आला, डफ छातीशी धरला आणि म्हणाला,

"नाव हालनी, बाप काठवर, जमना मन्ही रडनी."

आणि झील उठली. जन्माच्या सवयीनं लोटनच्याच तोंडून शब्द गेला, रडनी. रडली.

बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. शेवटच्या कडव्यात 'भटू सांगे' असं आलं, तेही त्यानं मागून म्हटलं. परक्यानं चोरी केली असती तर त्यानं आरडाओरडा केला असता. इथं घरच्यासारख्या माणसानं हात घातला होता. पोरीनं मरणाआधी बापाचा एक शब्द पाळला होता, तोच तिच्याकडून काढून घेतला होता. लोटनचा जीव जळून गेला.

वही संपल्यावर तो भटूजवळ गेला. "मन्ही पोर रडनी नव्हती, भटू. तुले म्हाईत होतं."

भटू डफ पुसत होता. "तुले तो शब्द जन्मभर सापडता नही. आनि दख, लोके कशी रडी ऱ्हायनात."

"आनि मन्हं नाव?"

"तोंडमा उनं, निंघी गयं," आपसूकच तोंडात आल्यासारखं भटू म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही.

तेवढ्यात माणसांनी पुन्हा तीच वही मागितली. एक म्हातारी तर भटूच्या तोंडावरून हात फिरवून गेली, तुझी पोर होती का रे बाबा, म्हणून. भटू डफ घेऊन उभा राहिला आणि त्यानं मागे पाहिलं. झीलकऱ्यांत एक जागा रिकामी होती.

लोटन जाऊन तिथं उभा राहिला. त्यानं एकेक ओळ नीट उचलली, कुठंही कसर ठेवली नाही. नाव हालली, बाप काठावर उभा राहिला, जमनाचं नावही त्यानं मोकळ्या गळ्यानं घेतलं. पुढच्या शब्दाला त्यानं ओठ मिटले. बाकीच्या तिघांनी तो म्हटला, आणि चौथा आवाज कमी पडल्याचं कुणाला कळलं नाही.